वरचं दिसणं आणि आतला पोत

साडी घेताना आपण नुसता रंग बघून पैसे देतो का? पोत चाचपून बघतो, काठ उलटून धागे बघतो, रंग जाईल का म्हणून दहादा विचारतो. मग घरचा संगणक घेतानाच दुकानदार दाखवील ते मुकाट्याने का घ्यायचं?

आम्हीही आधी तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी पहिला संगणक आला. पेटीला काचेची बाजू, आत निळे-तांबडे दिवे! मुलं खूष, शेजारपाजारही खूष. जूनमधल्या एका वादळी संध्याकाळी इथे करमाडला वीज तीनदा गेली नि आली. चौथ्यांदा आली तेव्हा जळका वास सुटला. आतला एस.एम.पी.एस. अगदी हलका होता. त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही गेली. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचे फोटो तिच्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. ते फोटो काही परत आले नाहीत.

यंदा मुलगी आठवीत गेली. माझ्या प्रश्नपत्रिका, गुणांचे तक्ते, तिचा अभ्यास, सगळं एका मोबाईलवर होईना. ह्यांची शेंद्र्याच्या कंपनीत दिवसपाळी, म्हणून भिशीचे पैसे घेऊन मी एकटीच शहरात गेले. दुकानदार म्हणाले, “ताई, साहेबांना घेऊन या, त्यांना नीट समजावून सांगतो.” म्हटलं, “भाऊ, मलाच सांगा. वापरणार मी, पैसेही माझ्याच पर्समध्ये आहेत.”

त्या दिवशी जे शिकले ते तुम्हांला सांगते.

पहिले पैसे विजेसाठी बाजूला काढा. घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून आतल्या भागांना वाटण्याचं काम एस.एम.पी.एस. करतो. घरगुती वापराला ४५० वॅटचा पुरतो, पण नावाजलेल्या कंपनीचा घ्या. त्यावर ‘८० प्लस’ अशी खूण असेल तर उष्णतेत वीज कमी वाया जाते. सोबत ६०० व्हीएचा यू.पी.एस. हवाच. तो तासभर चालत नाही. काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. आणि भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या.

प्रोसेसर म्हणजे घरचा कर्ता. लिहिणं, हिशेब, मुलांचे व्हिडिओ एवढ्यासाठी मधला किंवा त्याहून साधा चालतो. मात्र त्यातच ग्राफिक्स आहे ना, हे विचारा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर ते नसतं, आणि मग वेगळं कार्ड घ्यावं लागतं.

रॅम म्हणजे ओटा. ओटा मोठा असला की चार कामं एकदम मांडता येतात. आठ जीबीत भागतं, सोळा असेल तर उत्तम. मी आठची एकच पट्टी घेतली आणि मदरबोर्डवर दुसरी जागा रिकामी ठेवली, दिवाळीनंतर बघू. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, म्हणून मदरबोर्ड कोणता आहे ते बिलावर लिहून घ्या.

साठवणीला ५०० जीबीची एस.एस.डी. घ्या. जुन्या हार्ड डिस्कपेक्षा संगणक कितीतरी लवकर सुरू होतो. पण फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती कपाटात ठेवा. लोणच्याची एक बरणी आपण वेगळी राखतोच की!

कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात. तिथे जरा जपून. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर सहसा विंडोज ११ ला चालत नाहीत.

भाव सारखे बदलतात, म्हणून आकडे देत नाही. दोन दुकानांतून प्रत्येक भागाचा वेगळा भाव कागदावर लिहून आणा. ‘पूर्ण सेट एवढ्याला’ असं ऐकून घेऊ नका, कारण हलका माल त्यातच खपवला जातो. पक्कं बिल, प्रत्येक भागाचा क्रमांक आणि हमीची मुदत, ही तिन्ही घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

निघताना दुकानदारांनी विचारलं, “ताई, दिव्यांची पेटी देऊ का? मुलांना आवडते.” मी साधी काळी पेटी घेतली. वाचलेल्या पैशांत ती दुसरी डिस्क आली. मुलगी दोन दिवस फुरंगटून बसली होती. तिसऱ्या दिवशी मावशीच्या मोबाईलमधून आजीचे चार-पाच फोटो मिळाले, ते तिनंच त्या डिस्कवर उतरवून ठेवले.

तुमच्याकडे काय अनुभव आला, तो जरूर कळवा हं!