टक्केवारीतून गळलेल्या बाया

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचं मतदान झालं आणि मोबाईलवर टक्केवारी चढत गेली. संध्याकाळी पाचला 58.22, रात्री साडेअकराला 65.02, अखेरीस 66.05. निकालानंतर निष्कर्ष तयारच होता: पंधराशे रुपयांसाठी ‘लाडक्या बहिणी’ बाहेर पडल्या. पुरुषाने मत दिलं तर तो जागरूक नागरिक आणि बाईने दिलं तर ती लाभार्थी! आकड्यांचं हे वाचन मला मान्य नाही.

आकडे नीट पाहू. यादीतल्या 4 कोटी 69 लाख 96 हजार स्त्रियांपैकी 3 कोटी 6 लाख 49 हजार जणींनी मत दिलं, म्हणजे 65.22 टक्के. पुरुषांचं प्रमाण 66.84. 2019 मध्ये स्त्रियांचं मतदान सुमारे 59 टक्के होतं. वाढ खरीच आहे. पण ती कशामुळे झाली आणि मत कुणाला गेलं, हे टक्केवारी सांगत नाही. आणि ज्या 1 कोटी 63 लाख स्त्रियांनी मत दिलं नाही, त्यांच्याविषयी कुणी अवाक्षरही काढलं नाही.

टक्केवारी म्हणजे शेवटी भागाकार. वर मत दिलेल्या, खाली यादीत नाव असलेल्या. जिचं नावच नाही, ती कुठेच नाही. माहुलच्या बायकांकडे पाहताना मला हे प्रकर्षाने जाणवतं. 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडून हजारो कुटुंबं तेल कारखान्यांशेजारच्या या वसाहतीत आणली गेली. इथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं हरित लवादाने 2015 मध्येच नोंदवलं होतं. 2018-19 मध्ये या बायका विद्याविहारच्या रस्त्यावर ठाण मांडून बसल्या. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने दरमहा 15,000 रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. ज्यांनी एवढं केलं, त्यांना राजकारण कळत नाही असं कोण म्हणेल?

पण घर हललं म्हणून यादीतलं नाव आपोआप हलत नाही. फॉर्म 8 भरावा लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि घराचे कागद बहुधा नवऱ्याच्या नावावर. नाव जुन्या वस्तीतच राहिलं, तर ती तिथली ‘उदासीन मतदार’ ठरते. नाव वगळलं गेलं, तर खालच्या आकड्यातूनही जाते. म्हणजे अशा बायका यादीतून जितक्या गळतील, तितकी टक्केवारी उजळ दिसणार!

इंटरनेटवर मोजल्या जाणाऱ्या ‘प्रतिसादा’चंही तेच. तिथे मोजला जातो फोन. घरात एकच फोन असेल आणि तो मुलाच्या हातात असेल, तर आईचं मत कुठे उमटणार?

माझ्या दोन मागण्या आहेत. निवडणूक आयोग मतदान केंद्रनिहाय निकालाचा फॉर्म 20 संकेतस्थळावर टाकतो. त्यात उमेदवारांची मतं असतात, पण किती स्त्रियांनी मत दिलं ते नसतं. केंद्रावर ही मोजणी होतेच. तीही केंद्रनिहाय जाहीर व्हावी. आणि विस्थापितांच्या वसाहतींत नावं हलवण्यासाठी आयोगानेच दारी यावं.

तोवर आपल्या हातात काय आहे? मतदारयादी संकेतस्थळावर मिळते. ती छापून वस्तीतल्या बैठकीत मोठ्याने वाचू. कोण आहे, कोण गळली, कुणाचं नाव अजून जुन्या पत्त्यावर आहे, हे आपणच लिहून काढू. आपली मोजणी दुसऱ्यांवर सोडायची नाही.