पारा, हिरड्या आणि झारेकरी

जळगावला सुवर्णनगरी म्हणण्याचा प्रघात आहे आणि तेथील सोन्याच्या शुद्धतेचा लौकिक खानदेशाबाहेरही पोचला आहे. या लौकिकाच्या वर्णनात झारेकऱ्याचे नाव सहसा येत नाही. सराफी पेढ्यांपुढचा केर आणि गटारातील गाळ धुऊन त्यातला सोन्याचा कण वेचणारा हा माणूस. बारीक कण हाती लागावेत म्हणून गाळात पारा घोळायचा, सोने त्याला धरले की तो गोळा तापवून पारा उडवायचा, ही या धंद्याची जुनी रीत. पारा उडाला म्हणजे गेला, अशी समजूत आहे. वस्तुतः तो माणसाच्या छातीत जातो. श्वासावाटे घेतलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा शरीरात मुरतो. उलट, थर्मामीटर फुटून पोटात गेलेला पारा बहुतांशी तसाच बाहेर पडतो. घरोघरी भीती मात्र त्याचीच!

या विषबाधेची वर्दी पुष्कळदा तोंडच देते. जिभेवर धातूची चव येते, लाळ अनावर सुटते, हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, व्रण पडतात. काहींच्या हिरडीच्या कडेला निळसर-काळी रेघ उमटते. पुढे दात हलू लागतात आणि क्वचित जबड्याचे हाडही कुजते. हातांना कंप सुटतो, स्वभाव चिडका होतो. उपदंशावर पारा देण्याच्या काळात युरोपातील वैद्य तर भरपूर लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडले असे मानीत! इंग्लंडात दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याची पूड देत. त्यांचे हातपाय गुलाबी पडत, कित्येकांचे दात अकाली गळत. १९५० नंतरच्या दशकात ती पूड बाजारातून गेली आणि तो रोगही जवळजवळ गेला.

दातांत भरावयाच्या चंदेरी मिश्रणात निम्मा पारा असतो, हे ऐकून कोणी धास्तावू नये. त्यातून सुटणारी वाफ अत्यल्प असते. तरीही मिनामाता करारातील राष्ट्रांनी २०२२ मध्ये १५ वर्षांखालील मुले आणि गरोदर व स्तनदा स्त्रिया यांच्या बाबतीत ते टाळण्याचे ठरविले. भारताने हा करार २०१८ मध्येच मान्य केला आहे.

दवाखान्यातील पाऱ्याची एवढी काळजी वाहिली जाते. शेगडीवरच्या पाऱ्याची कोण वाहतो? १९४८ च्या कारखाने कायद्याने पाऱ्याची विषबाधा डॉक्टरांनी कळवावयाच्या रोगांत घातली. पण घराच्या ओट्यावर गोळा तापविणारा कोणत्या कारखान्यात मोडतो? धुळ्यास दंतवैद्यक महाविद्यालय आहे, जळगावास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुजलेल्या हिरड्या घेऊन आलेल्या रुग्णास तंबाखूविषयी विचारले जाते, आणि आमच्या भागात ते विचारलेच पाहिजे. त्याच्या जोडीला धंदा कोणता, घरात पारा तापतो काय, हे दोन प्रश्न विचारावयास खर्च येत नाही. संशय आल्यास लघवीतील पारा तपासावा. बायकामुलांचाही तपासावा, कारण वाफ उंबरठा ओळखत नाही. दुकानाचा केर विकणाऱ्या सराफांनी एकत्र येऊन, वाफ थंड करून पारा परत मिळविणारे बंद भांडे एका सामाईक जागी, वस्तीपासून दूर बसविले, तर झारेकऱ्याचा पाराही वाचेल आणि दातही.