दोरा कुठला घेऊ, मामा?



उन्हाळ्याच्या सुट्टीत बेंगळुरूहून भालकीला आलेला माझा भाचा एका संध्याकाळी मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. त्याचा चुलतभाऊ मिशिगनला असतो. त्यानं लेक सेंट क्लेअरमध्ये पकडलेल्या स्मॉलमाउथ बास माशाचा फोटो पाठवला होता. तपकिरी रंग, अंगावर उभे पट्टे, दोन्ही हातांत मावेना एवढा मासा! खाली काठी, रीळ आणि दोऱ्याची सगळी यादी. भाच्यानं ती यादी ऑनलाइन दुकानात शोधूनही ठेवली होती. "मामा, हाच दोरा मागवू का? आपल्या कारंजा धरणावर चालेल ना?"

गळाचा नाद मला कॉलेजपासून आहे. त्यामुळे घरात हा प्रश्न माझ्याकडेच येणार. मी म्हटलं, "आधी मासा कुठला ते ठरव. दोरा मग आपोआप ठरतो."

स्मॉलमाउथ बास हा थंड, नितळ पाण्यातला मासा. तळाला दगडगोटे असतील तिथं तो रमतो. याचा जागतिक विक्रम 1955 चा आहे. डेल हॉलो या जलाशयात डेव्हिड हेज यांनी 11 पौंड 15 औंसाचा, म्हणजे सुमारे 5.4 किलोचा मासा पकडला होता. हा जलाशय केंटकी आणि टेनेसी या दोन राज्यांच्या हद्दीवर आहे, म्हणजे तोही आपल्यासारखा सीमाभागातलाच! तिथल्या स्वच्छ पाण्यात माशाला दोरा दिसतो, म्हणून लोक बारीक, 6 ते 10 पौंडांचा दोरा वापरतात. टोकाला पाण्यात सहसा न दिसणारा फ्लोरोकार्बन जोडतात. काठी हलकी, आमिष छोटं.

आता आपलं पाणी बघा. कारंजा नदी मांजराला मिळते. त्याआधी भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ तिच्यावर धरण आहे. तिकडे कलबुर्गीच्या बाजूला भीमा. या पाण्यात गाळ असतो, काठाला लव्हाळे, शेवाळ आणि बुडालेल्या बाभळीची खोडं असतात. रोहू, कटला हे कणकेच्या गोळ्यावर येणारे मासे. पण बाससारखा झडप घालणारा शिकारी हवा असेल, तर आपल्याकडे मरळ आहे. तेलंगणात हिला कोरमीनू म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. मरळ गवतात दबा धरून बसते. तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती मधूनमधून वर येते. संध्याकाळी काठावर शांत बसलात, तर पाण्यावर 'गप्‌' असा आवाज येतो. तीच ती.

अशा जागी बारीक दोरा घेऊन गेलात तर काय होतं? गळ लागला की मरळ सरळ गवतात शिरते, खोडाला वळसा घालते आणि दोरा तुटतो. म्हणून भाच्याला मी लिहून दिलेली यादी वेगळी होती.

दोरा: साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, स्वस्त असतो आणि शिकायला चांगला. पण तो ताणला जातो, त्यामुळे गवतातून मासा ओढताना जोर कमी पडतो. मरळीसाठी विणलेला दोरा घ्या, दुकानात त्याला 'ब्रेड' म्हणतात. तो ताणत नाही आणि तेवढ्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी जास्त ओढ सहन करतो. 30 ते 50 पौंडांचा पुरे. पाणी गढूळ असल्यानं तो दिसला तरी बिघडत नाही. पौंडाचा आकडा बघून गोंधळू नका, एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम.

काठी: साडेसहा ते सात फुटांची आणि कडक. लवचीक काठीनं मरळ गवतातून बाहेर निघत नाही.

आमिष: रबराचा पोकळ बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतात अडकत नाही. गवतावरून थांबत थांबत ओढायचा. मरळीनं झडप घातली की लगेच झटका देऊ नका. मनात एक-दोन मोजा, मग काठी उचला.

गाठ: दोरा कितीही भारी असला तरी तुटतो गाठीपाशी. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणानं दोरा कमजोर होतो. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ओढीला सुटेल असा ठेवा.

भाचा खूश झाला. "मग जुलैत परत येतो मामा, पावसात मोठी मरळ लागते म्हणतात."

तेव्हा मात्र मला त्याला एक जुनी गोष्ट सांगावी लागली.

मी एकोणीस वर्षांचा असेन. पावसाळ्याचे दिवस. एका तळ्याच्या काठाला पाण्यावर ताटाएवढी जागा सारखी खदखदत होती, भाताला आधण आल्यासारखी. जवळ जाऊन पाहिलं तर नारिंगी-लाल रंगाची शेकडो इवली पिल्लं. मित्र म्हणाला, खाली मोठी मरळ असणारच. मी बेडूक त्या पिल्लांवरूनच ओढला. पहिल्याच फेकीत पाणी फुटलं. एवढी मोठी मरळ मला त्याआधी कधी लागली नव्हती. दोरा माझा बारीक तंगूस. दोन मिनिटं झुंज झाली आणि तटकन तुटला. तोंडात गळ घेऊन ती गेली. मला हळहळ वाटली ती मासा गेल्याची.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा गेलो. पिल्लांचा गोळा फुटला होता. चार-सहा पिल्लं इकडे, चार तिकडे, आणि उथळ पाण्यात बगळे उभे. जाळं घेऊन आलेले एक भोई मामा सगळं बघत होते. ते म्हणाले, "काल तू गळ टाकलास ना? ती भुकेनं नाही धावली बाबा. लेकरांवर काहीतरी आलं म्हणून धावली."

ते खरंच होतं. पावसात मरळ अंडी घालते, आणि पिल्लं स्वतःचं बघू शकेपर्यंत नर-मादी त्यांच्यावर पहारा देतात. पिल्लांवरून जे जाईल त्यावर तुटून पडतात. म्हणून तर पावसात मोठी मरळ 'सहज' लागते. त्यात आपलं कौशल्य काहीच नसतं.

गंमत म्हणजे तिकडचा स्मॉलमाउथही असाच. त्याचा नर दगडगोट्यांत खळगा करून अंडी आणि पिल्लं राखतो. त्याला उचलला की छोटे मासे ती फस्त करतात. म्हणून अमेरिका-कॅनडातल्या अनेक भागांत अंडी घालायच्या काळात बास पकडायला बंदी असते किंवा पकडून लगेच सोडावा लागतो. भाच्याचा फोटोतला मासाही फोटोनंतर लगेच पाण्यात परत गेला होता. ते वाक्य भाच्यानं वाचलंच नव्हतं!

तर आमच्या घरात आता ठरलं आहे. मृग निघाल्यापासून पोळ्यापर्यंत मरळीवर गळ टाकायचा नाही. पाण्यावर पिल्लं दिसली, तर कुठल्याही महिन्यात काठी गुंडाळून पुढे जायचं. बाकीच्या दिवसांत रश्श्यापुरती एखादी मध्यम मरळ घरी आणायची. सगळ्यात मोठी असेल ती फोटो काढून सोडायची, कारण पुढची पिढी तीच देणार असते. सोडायची असेल तर गळाच्या टोकाजवळचा काटा पकडीनं आधीच दाबून ठेवा, म्हणजे गळ पटकन निघतो. मासा ओल्या हातानं धरा, तापलेल्या दगडावर ठेवू नका. आणि दोरा जाड घ्यायचं खरं कारणही हेच: तोंडात गळ राहिलेला मासा पळून जाऊ नये.

जाण्याआधी तीन गोष्टी सांभाळा. तळ्यांतली मासेमारी बहुधा ठेकेदाराकडे किंवा मच्छीमार सोसायटीकडे असते. त्यांचं पोट त्यावर आहे, तेव्हा विचारल्याशिवाय गळ टाकू नका. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली आणि आभाळ गडगडत असताना ती उघडू नका. आणि तुटलेला दोरा काठावर टाकू नका. पाखरांच्या पायात तो अडकला की सुटत नाही. खिशात घालून घरी आणा.

भाचा जुलैत आला, पण काठी न घेता. आम्ही दोघं तळ्यावर गेलो. लव्हाळ्यांजवळ ती लाल-नारिंगी खदखद दिसली. त्यानं मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला आणि मिशिगनला पाठवून दिला. काठी माझ्याकडेच आहे. दसऱ्याला तो परत येईल.