वाघाचा फोटो आणि माणसाचा पुरावा

ताडोबाच्या वाघाचा फोटो पाहिला नाही असा माणूस आता महाराष्ट्रात सापडणे कठीण. कॅलेंडरवर वाघ, हॉटेलच्या भिंतीवर वाघ, मोबाइलच्या पडद्यावर वाघ! मुंबई-पुण्याची मंडळी लाखो रुपयांच्या लेन्स घेऊन पहाटे जिप्सीत बसतात, वाघ रस्ता ओलांडतो, शटर खडखडतात आणि दुपारपर्यंत तो फोटो जगभर पोहोचतो. या मंडळींना 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर' म्हणतात. त्यांची प्रदर्शने भरतात, त्यांना बक्षिसे मिळतात. आमचे त्यांच्याशी भांडण नाही. वाघ देखणा आहेच. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आणखी एक फोटोग्राफर राहतो. त्याचे प्रदर्शन कधी भरले नाही, भरणारही नाही. त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो आहोत.

माणिकगडच्या डोंगरावर जिवती, छत्तीसगडच्या सीमेकडे कोरची, दक्षिणेला एटापल्ली आणि भामरागड. यातल्या कोणत्याही गावात जा. तहसील किंवा पंचायत समितीच्या आसपास, झेरॉक्सच्या शेजारी एक शटर दिसेल. आत एक स्टूल, मागे निळा किंवा पांढरा पडदा, दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, आरसा आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून कोपऱ्यात इन्व्हर्टर. गाव त्याला 'फोटोवाले भाऊ' म्हणते. बाजाराच्या दिवशी त्याला जेवायला फुरसत नसते आणि श्रावणात दिवस दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही.

त्याच्याकडे येतो कोण? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आश्रमशाळेतली मुलगी येते. निराधार योजनेच्या कागदासाठी कोलाम म्हातारी येते. जातीच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी, रोजगार हमीच्या जॉबकार्डासाठी माणसे येतात. आठ फोटोंचा एक संच. त्याला नाव काय, तर 'पासपोर्ट साइज'! ज्यांनी जिल्ह्याचे ठिकाणही दोन-चारदाच पाहिले, त्यांच्या आयुष्यातला पहिला आणि पुष्कळदा शेवटचा फोटो पासपोर्टच्या मापाचा असतो. हसावे की रडावे?

त्या काळ्या कोटाबद्दल थोडे. शहरातले लोक अशा कोटाला हसतात. खाली फाटकी पँट, वर कोट, फोटोत फक्त वरचे येते. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या समाजाने अंगावर नवे कापड घातले म्हणून मार खाल्ला, त्या समाजाचा तरुण फोटोसाठी कोट चढवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोणाचा कोट असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. गोंड म्हातारा मात्र तो कोट बाजूला सारतो आणि आपले मुंडासे नीट करतो. त्यालाही आमचा मान आहे. कोणत्या रूपात दिसायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, एवढी मोकळीक या शटरच्या आत आहे. बाहेर कुठे आहे?

रोलचे दिवस होते तेव्हा हे काम याहून अवघड होते. छत्तीस फोटोंचा रोल संपल्याशिवाय तो धुवायला पाठवणे परवडत नसे. तीन फोटो काढून माणूस गावी परतायचा आणि उरलेल्या तेहतीसांसाठी फोटोवाला गिऱ्हाइकांची वाट पाहायचा. मग कोणाच्या तरी हाती, एसटीच्या गाडीने, रोल राजुऱ्याला किंवा चंद्रपूरला. तिकडे अर्जाची तारीख निघून गेलेली! आज प्रिंटर दुकानातच आहे, पण लग्नाचे काम मोबाइलने खाल्ले. उरले ते अर्जाचे फोटो, लॅमिनेशन आणि मरण.

मरण म्हणजे काय, तेही सांगतो. विहिरीत पडलेल्या माणसाच्या पंचनाम्याला फोटो लागतो. वाघाने मारलेल्या गाईच्या नुकसानभरपाईला फोटो लागतो. जिप्सीतला फोटोग्राफर वाघाचा फोटो काढतो आणि आमचा फोटोवाला वाघाने अर्धी खाल्लेली गाय टिपतो. त्या एका गाईवर कोणाचे तरी अख्खे वर्ष अवलंबून असते.

आणि घरातले माणूस गेले की तेराव्याच्या किंवा पुण्यानुमोदनाच्या आत मुलगा दुकानात येतो. हातात बापाचे मतदार ओळखपत्र. "भाऊ, एवढ्याचा मोठा करून देता का?" दुसरा फोटोच नाही. अंगठ्याच्या नखाएवढ्या, अर्धवट पुसलेल्या चेहऱ्यातून फोटोवाला माणूस उभा करतो. डोळे नीट करतो, डाग काढतो, पुष्कळदा तोच कोट अंगावर चढवतो. आईचा फोटो जॉबकार्डावरून घेऊन बापाशेजारी बसवतो. जी दोघे जन्मभर एका फोटोत कधी आली नाहीत, ती मेल्यावर एका चौकटीत येतात. ही चौकट मग भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागते. कलेच्या इतिहासात या कामाला जागा नसेल. आमच्या घरांच्या भिंतींवर आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. या देशात फोटो हा हौसेचा विषय कोणासाठी आणि पुराव्याचा विषय कोणासाठी? वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद आहेत, वडीलधाऱ्यांचे जबाब आहेत, त्याचबरोबर घर, झोपडी, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा जमिनीवरच्या खुणाही आहेत. एका पुराव्यावर भागत नाही, एकाहून अधिक लागतात. मग डोंगरातला शेतकरी फोटोवाल्याला मोटारसायकलवर मागे बसवून पाड्यावर नेतो. ही आमची विहीर, काढा फोटो. हे पाटाचे दगड, हे आमच्या म्हाताऱ्याला पुरले ते ठिकाण, काढा फोटो. ते फोटो दाव्याच्या फायलीला जोडले जातात. फोटो धूसर आला, जागा ओळखू आली नाही, तर दाव्याची एक बाजू लंगडी पडते. दावा फेटाळला गेला तर काय होते, ते २०१९ साली देशाने पाहिले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि दोन आठवड्यांनी, २८ तारखेला, त्याला स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत या डोंगरातल्या माणसांना झोप कशी लागली असेल?

आदिवासींना निदान १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवून चालते. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या बौद्ध, मातंग, बंजारा कुटुंबांचे काय? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बिऱ्हाड पाठीवर घेऊन माणसे जिवतीच्या डोंगरात आली. दगड वेचले, जमीन केली, तीन पिढ्या झाल्या. कायदा म्हणतो, बिगर आदिवासी असाल तर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती दाखवा. म्हणजे १९३० च्या आधीपासूनची! १९३० साली आमची माणसे काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या खात होती आणि बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेत आमच्यासाठी भांडत होते. त्या साली जंगलात आमच्या आज्याचा फोटो काढायला कॅमेरा कोणाकडे होता? जे कागद कधी तयारच होऊ दिले नाहीत, तेच कागद मागायचे, हा न्याय कुठला?

याच डोंगरात परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी चौदा गावे आहेत. त्यांच्यावर दोन राज्यांनी दावा सांगितला. वर्षानुवर्षे इथल्या माणसांकडे दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे राहिली. एकच चेहरा, दोन सरकारांच्या कार्डांवर. चेहरा दोघांनाही हवा होता, कारण चेहऱ्यामागे मत होते. जमिनीचा पट्टा मागितला की दोघेही कागद शोधू लागत.

या माणसांचे फोटो पूर्वी कोणी काढलेच नाहीत असे नाही. राजुरा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४० मध्ये जोडेघाटला कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधायला पाठवले. ते मार्लवाईत राहिले, १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवर त्यांनी ग्रंथ काढला आणि पुष्कळ फोटो काढले. माणूस भला होता, गोंडांच्या जमिनीसाठी त्याने शब्द टाकला, हे आम्ही नाकारत नाही. पण तो संग्रह आज लंडन विद्यापीठाच्या सोआस संस्थेत आहे. त्यातला कोणता चेहरा कोणाचा पणजोबा, हे त्या डोंगरातल्या माणसांना घरोघर जाऊन कोणी विचारले?

सरकारचा कॅमेरा तर आता रोज येतो. शौचालय बांधले, त्यासमोर उभे राहा, फोटो. घरकुलाचा पाया झाला, फोटो. रोजगार हमीच्या मजुरांचे दिवसातून दोन वेळा फोटो काढून मोबाइलवर चढवणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. डोंगरात नेटवर्क नाही, फोटो चढला नाही, तर दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी गेली! जंगलात झाडाला बांधलेले कॅमेरे वेगळेच. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून साडेतीन कोटींच्या आसपास फोटो काढले गेले. त्यातल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. वाघाला पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागत नाहीत, अंगावरचे पट्टे पुरतात. आणि मोहफुले वेचायला गेलेली बाई त्याच कॅमेऱ्यात सापडते तेव्हा काय होते? उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात अशा कॅमेऱ्यांमुळे बायका कशा धास्तावल्या, मोकळेपणाने बोलणे-गाणेही कसे थांबले, याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चंद्रपूरच्या जंगलातही बायका मोहफुलांना आणि तेंदूपानांना जातातच.

डोंगरातल्या माणसाच्या हातात कॅमेरा येतो तेव्हा तो सरकारकडे आणि ठेकेदाराकडेही वळू शकतो. त्याची किंमत काय असते? इंद्रावतीपलीकडे विजापूरचा पत्रकार मुकेश चंद्राकार याने रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार दाखवला आणि ३ जानेवारी २०२५ रोजी त्याचा मृतदेह ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. आपल्या फोटोवाल्याने खड्ड्याचा फोटो का काढला नाही, असे विचारण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

आम्हाला चळवळीतल्या माणसांना एक विचारायचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचे फोटो घराघरांत आहेत. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवून आणले. त्या दिवशी मूल, सिंदेवाही, गडचिरोलीकडून बैलगाडीने आणि पायी आलेल्या माणसांचे चेहरे कुठे आहेत? कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या पोथीत, की कुठेच नाहीत? पुतळ्यांसाठी आपण वर्गणी काढतो, काढावीच. पण तालुक्यातल्या फोटोवाल्याने डिजिटल आल्यावर निगेटिव्हच्या थैल्या भंगारात घातल्या, तेव्हा त्यातल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुका, पहिल्या बौद्ध पद्धतीच्या लग्नांचे फोटो, वनजमिनीचे मोर्चे, सगळे किलोच्या भावाने गेले. ज्यांच्याकडे अजून काही उरले आहे, त्यांची माळ्यावरची खोकी बुरशी आणि वाळवी खात आहे.

तालुक्याच्या शाखेने दोन पोरे आणि एक स्कॅनर घेऊन फोटोवाल्याच्या दुकानात आठ दिवस बसावे, एवढेच काम आहे. त्याचा मोबदला त्याला द्यावा, फुकट मागू नये. ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारावे आणि ज्यांना नको असेल त्यांचे तसेच ठेवावेत. फोटोची एक प्रत विहारात, एक त्या घरात. आणि प्रत्येक फोटोच्या मागे, शाईने नव्हे, शिसपेन्सिलने, माणसाचे नाव, गाव आणि साल लिहावे. सांगू शकणारी म्हातारी माणसे अजून आहेत. सुरुवात येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर, पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक टेबल टाकून करता येईल.