गज खोटा तर माप खोटे

लग्नसमारंभाचे शूटिंग आणि मिक्सिंग हा आज आपल्या अनेक होतकरू तरुणांचा पोटापाण्याचा धंदा आहे. कर्ज काढून नवा कॅमेरा घेतला जातो, ड्रोन घेतला जातो. मात्र ज्या पडद्याकडे पाहून सारे काम ठरते तो मॉनिटर खरा की खोटा, याची चौकशी फार थोडे जण करतात. आमच्या मते गिऱ्हाइकाशी होणाऱ्या कित्येक कटकटींचे मूळ येथेच आहे.

तक्रार ठरलेली असते. वधूचा डाळिंबी शरारा व्हिडिओत नारिंगी दिसतो, पाहुण्यांचे चेहरे पिवळे पडतात. गिऱ्हाईक उरलेली रक्कम अडवून धरते. दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे तर बरोबर दिसते!" तो खोटे बोलत नसतो, त्याचा पडदा खोटे बोलत असतो. मॉनिटर निळसर असला की मिक्सिंग करणारा नकळत पिवळेपणा वाढवतो. त्याच्या डोळ्याला चित्र ठीक वाटते, पण इतरत्र ते पिवळेच उमटते. कापडवाल्याचा गज आखूड असेल तर दिवसभरातले प्रत्येक माप चुकते, तसाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाचा टीव्ही तरी कुठे खरा असतो? मुद्दा रास्त आहे. पण त्याच टीव्हीवर ते बातम्या आणि सिनेमेही पाहते, त्या रंगांना त्याचा डोळा सरावलेला असतो. आपले काम प्रमाणाला धरून असेल तर ते त्या रांगेत बसते. नसेल तर एकटेच वेगळे पडते.

हे प्रमाण ठरलेले आहे. एचडी चित्रासाठी रेक. ७०९ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९० पासून आहे. मिक्सिंगच्या मंद उजेडाच्या खोलीत पांढरा रंग सुमारे ६५०० केल्विन, गॅमा २.४ आणि पांढऱ्याची उजळता चौरस मीटरला १०० कँडेला, हे आकडे धरून चालतात.

यातील बरेचसे काम पैशावाचून होते. मॉनिटर अर्धा तास आधी सुरू ठेवावा. ट्यूबलाइटचा उजेड पडद्यावर पडू देऊ नये. मागची भिंत रंगीत नको, राखी असावी. भडक रंगांचा मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारी उजळता बंद करावी. मग कलर बार लावून त्यातील काळ्या पट्ट्या पाहाव्यात. काळ्याहून काळी पट्टी काळ्यात मिसळावी आणि किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसावी, इतकीच ब्राइटनेस ठेवावी. शिवाय सॉफ्टवेअरमधील वेव्हफॉर्म व व्हेक्टरस्कोप वाचायला शिकावे. ते सिग्नल मोजतात, पडद्यावर विसंबत नाहीत. माणूस गोरा असो वा सावळा, त्याच्या त्वचेचा रंग व्हेक्टरस्कोपवर लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एकाच रेषेजवळ पडतो. डाव्विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही साधने आहेत.

आणखी एक खोट सेटिंगमध्ये असते. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणकात ० आणि २५५ वर. यांची गल्लत झाली की चित्र फिके पडते, नाहीतर काळोखे होते. पुष्कळदा दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

अचूक रंगासाठी मात्र डोळा पुरत नाही. पडद्यावर टेकवून रंग मोजणारे कलरिमीटर लागते. ते बनवते ते प्रोफाइल प्रत्येक मिक्सिंग सॉफ्टवेअर मानतेच असे नाही. म्हणून ज्याला झेपेल त्याने वेगळे व्हिडिओ आउटपुट कार्ड घ्यावे. मॉनिटरचा दिवा जुना होईल तसा रंग सरकतो, तेव्हा महिन्याकाठी तपासणी हवी. एका दुकानाला हे यंत्र महिन्यातून तासभरच लागते. मग एकाच बाजारातील चार-पाच व्हिडिओवाल्यांनी वर्गणी काढून ते सामाईक का घेऊ नये? स्पर्धा कामात करावी, मापात करू नये.

धान्यवाल्याच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. आमच्या मॉनिटरवर शिक्का मारायला कोणी येणार नाही. तो आपला आपणच मारायचा आहे.