वेताळाची बाजू

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळांतून दिवाळीच्या सुमारास एक मत हटकून ऐकू येते. ग्रंथालयासाठी भुताखेतांची, चेटकिणींची पुस्तके घेऊ नयेत. सुटीच्या चार दिवसांत सुशिक्षित माणसाला काही गंभीर वाचन शांतपणे करता यावे. आणि मुलांवर अंधश्रद्धेचे संस्कार तर मुळीच नकोत. असे म्हणणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो, हे मान्य. परंतु त्यांचे दोन्ही मुद्दे टिकणारे नाहीत.

प्रथम शांततेचा मुद्दा घेऊ. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या कथा गुंफल्या. राजाने मौन धरून प्रेत वाहून न्यावयाचे. वेताळाने वाटेत गोष्ट सांगून प्रश्न टाकावयाचा. आणि राजाने उत्तर देताच प्रेतासह पुन्हा झाडावर जाऊन बसावयाचे. असा पदोपदी व्यत्यय आणणारा हा खोडकर प्राणी अखेरीस करतो काय? ज्या भिक्षूसाठी राजा हे ओझे वाहत आहे तोच त्याचा बळी देणार आहे, हे सांगून तो राजाचे प्राण वाचवतो. घातकी निघतो तो गंभीर मुद्रेचा भिक्षू; हितकर्ता ठरतो तो त्रास देणारा वेताळ! शिवाय पहिल्याच फेरीत राजाने मौन पाळले असते, तर पुढच्या कथा कोठून आल्या असत्या? वाचकाची समाधी मोडून त्याला विचार करावयास लावणे, हेच कथेचे काम. निव्वळ शांतताच हवी असेल, तर पुस्तक मिटून निजावे हे उत्तम.

आता अंधश्रद्धेविषयी. महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला तो नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध, भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसांचा छळ करणाऱ्यांविरुद्ध. कथेतील भुताविरुद्ध नव्हे. मांत्रिक भूत खरे म्हणून विकतो. कथाकार ते कल्पित आहे हे वाचकाच्या संमतीनेच सांगतो. हा भेद ज्या मुलाला लहानपणी उमगला, तो पुढे मांत्रिकाच्या हाती लागणे कठीण. शेक्सपिअरचा पक रात्रीच्या वाटसरूंना भलत्या वाटेला लावून हसतो. आपला चकवा याहून निराळे काय करतो? मग पक तेवढा वाङ्मय आणि चकवा तेवढा अडाणीपणा, हा कोणता न्याय?

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. मुंज झालेला, परंतु सोडमुंज होण्याआधीच वारलेला मुलगा म्हणजे मुंजा. त्याचा वास पिंपळावर. या एका शब्दात आपल्या घरांतील संस्कार, गावचा पार आणि अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याची हुरहुर साठलेली आहे. ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला, तेव्हा परप्रांतांत वाढणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना कोकणातले हे भूत प्रथमच भेटले, आणि तेही हिंदीतून! दोष चित्रपटाचा नव्हे. ते मराठीतून भेटावे अशी सोय आपण केली नाही.

सबब, यंदाच्या पुस्तकखरेदीत मुंजा, गिऱ्हा, हडळ आणि चकवा यांच्यासाठी निदान एक फळी राखून ठेवावी. सुटीत आपल्या वाचनाचा थोडा भंग होईल, पोरे मध्येच येऊन गिऱ्हा म्हणजे काय हे विचारतील. विचारू द्यावे, आणि उत्तर मराठीतून द्यावे.