राजा कशाला हवा?

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय मी अधूनमधून काढून वाचतो. लोक म्हाताऱ्या शमुवेलाकडे येतात, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे म्हणतात. तो बजावतो, राजा तुमच्या मुलांना रथापुढे पळवील, मुलींना स्वयंपाकाला जुंपील, शेतं नि द्राक्षमळे घेऊन चाकरांना वाटील, धान्याचा दहावा हिस्सा उचलील. मग ओरडाल, पण देव ऐकणार नाही. लोकांना तरी राजा हवाच!

गंमत अशी की 'अनुवाद' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजा नेमण्याची तरतूद आहे. (फार घोडे, फार बायका, फार सोनं-चांदी मात्र नको.) मग मागितला तर बिघडलं कुठं? तालमूदमध्ये दोन मतं शेजारी नांदतात. रब्बी यहूदा म्हणतात, ती आज्ञाच. रब्बी नहोराई म्हणतात, लोकांच्या कुरकुरीपायी ते सांगितलं. मायमोनिडीझने बाराव्या शतकात आज्ञेचा पक्ष घेतला.

मला ओढ वाटते ती इसहाक अब्राबानेलची. जन्म १४३७, लिस्बन. ज्या राजघराण्याच्या आरमाराने १५१० साली आमचा गोवा घेतला, त्याच घराण्यातल्या पाचव्या अफोन्सोच्या पदरी हा होता. पुढच्या राजाने कटाचा आळ घेतला, तेव्हा १४८३ साली जीव घेऊन कास्तीलला पळाला. तिथंही राजाचीच चाकरी. आणि १४९२ साली सगळ्या यहुद्यांबरोबर हद्दपारी. शेवट व्हेनिसला, १५०८ साली.

हा माणूस लिहितो, की राजा नेमणं ही आज्ञा नव्हे, माणसाच्या दुबळेपणाला दिलेली सवलत आहे. राजावाचून देश चालत नाही म्हणता? मग व्हेनिस, फ्लॉरेन्स, जेनोव्हा बघा. तिथं ठराविक मुदतीचे अधिकारी कारभार करतात. राजांचं मीठ खाल्लेल्या माणसाने हे लिहावं, याचं मोल मला जास्त वाटतं.

पण पुढे तोच म्हणतो, एकदा राजा केलात की तो कितीही दुष्ट निघो, प्रजेला बंडाचा हक्क नाही. निष्ठेचा करार बिनशर्त असतो म्हणे. कटाचा आळ आलेला माणूस दुसरं काय लिहिणार, असंही मनात येतं. पण इथं माझं त्याच्याशी जमत नाही. त्याच ग्रंथात शखेमला जमलेल्या लोकांनी रहबाम राजाकडे जू हलकं कर एवढंच मागितलं. त्याने उर्मट उत्तर दिलं, तसे दहा वंश उठून आपापल्या घरी गेले. वसुलीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी दगडांनी मारलं. रहबामने फौज गोळा केली, तर शमाया संदेष्ट्याने देवाचा निरोप सांगून ती फौजच घरी पाठवली.